ग्राहकाला अनुदान की कारखान्याला कर्ज?

विजेवर चालणाऱ्या मोटारींना सरकारने मदत करायची, तर ती ग्राहकाच्या हाती द्यावी की कारखानदाराच्या, हा प्रश्न मला मदतीच्या रकमेपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ग्राहकाला अनुदान दिल्याने मागणी लगेच वाढते आणि कोणती कंपनी टिकावी हे सरकारऐवजी बाजार ठरवतो. परंतु जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये असे अनुदान अचानक थांबवले, तेव्हा २०२४ मध्ये तेथील नव्या विद्युत मोटारींची नोंदणी सुमारे २७ टक्क्यांनी घटली. शिवाय नवी मोटार घेण्याची ऐपत ज्यांच्याकडे आधीपासूनच आहे, त्यांच्याच पदरात या पैशाचा मोठा वाटा पडतो, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

कर्जातली जोखीम वेगळी असते. अमेरिकी सरकारने २०१० मध्ये टेस्लाला दिलेले ४६.५ कोटी डॉलरचे कर्ज कंपनीने २०१३ मध्येच व्याजासह फेडले. त्याच योजनेतून कर्ज घेतलेली फिस्कर मात्र त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. तरीही माझा कौल कर्जालाच आहे, कारण ते यशस्वी ठरले तर कारखाने, कुशल कामगार आणि बॅटरीचे तंत्रज्ञान मदत थांबल्यावरही टिकून राहते, आणि परत आलेला जनतेचा पैसा पुन्हा वापरता येतो.