ताडपत्रीत गुंडाळलेला मास्ट बघून शिडाची बोट घेऊ नका, माझे पावणेतीन लाख अडकलेत

मी ज्या जाहिरातीला फसलो तसलीच परवा रात्री परत दिसली म्हणून लिहायला बसलो. बोट वेगळी, पण मागे तीच भिंत, तीच निळी ताडपत्री आणि तिच्यात बांधून ठेवलेला मास्ट, म्हणजे शीड लावायची ॲल्युमिनियमची उभी काठी. आणि पहिला फोटो परत तसाच, भर वाऱ्यात शीड फुगलेली बोट. ठाणे नवी मुंबईकडे कुणी सेकंडहँड शिडाची बोट शोधत असेल तर प्लीज पूर्ण वाचा.

मी नेरुळला राहतो, सेलिंग शिकून झालं त्याला सहा वर्षं झाली, पण कायम दुसऱ्याच्या बोटीवर. मुलगा आता अठराचा झाला, म्हटलं दोघांची एक छोटी असावी. गेल्या जुलैत जाहिरात सापडली, 18 फुटी फायबरची बोट, दोन शिडं, छोटं आउटबोर्ड म्हणजे मागे लावायचं इंजिन, ट्रॉलीसकट, बोलून बोलून 2 लाख 75 हजारला ठरली.

जुलै महिना लक्षात घ्या. पावसाळ्यात समुद्र बंद, कोळी लोकांची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, सगळ्यांच्याच होड्या वर ओढलेल्या, शिडाच्या बोटींचे मास्टही बरेच जण उतरवून ठेवतात, त्यामुळे मास्ट आडवा बांधलेला बघून मला काहीच वावगं वाटलं नाही. पाण्यात ट्रायल मागायचा तर प्रश्नच नव्हता. आता कळतं की पावसाळाच का निवडला होता.

विकणाऱ्याने मला बॉडी दाखवली, अगदी उत्साहाने. मी सगळीकडे ठोकून बघितलं, कुठे पोकळ आवाज नाही. आउटबोर्ड पाण्याच्या ड्रममध्ये सोडून चालू करून दाखवलं, एका झटक्यात चालू. शिडं पसरून दाखवली. या सगळ्यात दीड तास गेला आणि मास्टची ताडपत्री त्याने फक्त खालच्या टोकाला दोन फूट सोडली. तिथे स्टीलच्या स्क्रूभोवती पांढरी भुकटी होती, मी विचारलं हे काय, तर म्हणाला, ‘मीठ आहे साहेब, गोड्या पाण्याने धुतलं की जातं.’ मी मान डोलावली. ते मीठ नव्हतं हो. स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये असला आणि खारं पाणी लागत राहिलं की ॲल्युमिनियम गंजतं, आणि त्याचा गंज तांबडा नसतो, पांढराच असतो. हे मला माहीत असायला हवं होतं, ते मला अजून लागून राहिलंय.

50 हजार ऑनलाइन दिले, बाकी कॅश. 500 च्या स्टॅम्प पेपरवर ‘जशी आहे तशी’ असं लिहून दोघांच्या सह्या.

ऑक्टोबरमध्ये बेलापूरच्या बाजूला खाडीत उतरवली. मी, मुलगा आणि ओळखीचे एक तांडेल काका. मास्ट उभा करताना काका एकदा थबकले होते, म्हणाले काठीला रंग नवीन दिसतोय. मी म्हटलं हो, त्याने रंगवून दिलाय. सकाळी काही नाही, दुपारी पश्चिमेचा वारा वाढला, बोट छान कलली, आणि एकदम कडाड असा आवाज झाला. मास्ट मधोमध, स्प्रेडरच्या म्हणजे त्या आडव्या काड्यांच्या जागी, दुमडला आणि शिडासकट पाण्यात गेला. मुलगा त्याच बाजूला बसला होता. मास्टला धरून ठेवणारी वायर त्याच्या खांद्याला घासून गेली, चार टाके पडले, एक वीत इकडे असता तर मानेला लागली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशाचं दुःख नंतर आलं.

काकांनी किनाऱ्यावर तुटलेल्या तोंडावर नख फिरवून दाखवलं. स्प्रेडरच्या रिव्हेटच्या भोकापासून जुनी चीर गेलेली, त्यात एपॉक्सीची पुटी भरलेली, घासून गुळगुळीत केलेली आणि वर सिल्व्हर रंग. ‘काठी आधीच मोडलेली होती भाऊ,’ एवढंच म्हणाले.

म्हणून सांगतो, तिथे गेल्यावर आधी ताडपत्री पूर्ण काढायला लावा, तो कितीही कुरकुरला तरी. मास्ट दोन स्टुलांवर ठेवून सुतार जसा एक डोळा मिटून पट्टीचा बाक बघतो तसं एका टोकाकडून बघा. नाण्याने ठोकत जा, धातूचा आवाज खणखणीत येतो, पुटी असेल तिथे बद्द येतो. सावलीत हात फिरवलात तरी कळतं, ॲल्युमिनियम गार लागतं, पुटी तेवढी गार लागत नाही. स्प्रेडरची जागा, वायर अडकवतात ते तुकडे आणि बूड, इथे नवीन रंग दिसला तर तो खरवडायला परवानगी मागा, नाही म्हणाला तर सरळ परत फिरा. आणि शंका असेल तर वेल्डिंग तपासणारे डीपी टेस्ट करतात, लाल द्रव लावून पुसायचा, वर पांढरा स्प्रे मारायचा, चीर असली तर लाल रेघ उमटते. मी नंतर रबाळे एमआयडीसीत उरलेल्या तुकड्यावर करून घेतली, 1200 रुपये लागले, आणखी दोन चिरा निघाल्या.

तक्रार द्यायला गेलो. फसवणुकीचं पूर्वीचं कलम 420 म्हणजे आताचं 318, पण वकील म्हणाले त्याला चीर माहीत होती हे दाखवावं लागेल, आणि वर ‘जशी आहे तशी’ खाली तुमचीच सही. माझ्याकडे पुटीचे फोटो आहेत, रंगाबद्दलचे त्याचे मेसेज आहेत, अर्ज दिलाय, बघू. त्याचा नंबर बंद आहे. नवीन मास्टचं कोटेशन वायरसकट 1 लाख 10 हजार आलंय, तोपर्यंत बोट ट्रॉलीवर उभी.

तुटलेला तुकडा मी टाकलेला नाही. कुणी बोट बघायला निघालं असेल तर आधी माझ्याकडे या, रंगाखाली पुटी कशी दिसते ते हातात घेऊन बघा आणि मग जा.