आवारातल्या दुसऱ्या खोलीपर्यंत इंटरनेट: तांब्याची केबल की फायबर?

घरापासून वेगळ्या बांधलेल्या खोलीत इंटरनेट न्यायचं असेल आणि अंतर १०० मीटरच्या आत असेल तर कॅट-६ (तांब्याची नेटवर्क केबल) चालते, हे खरं. पण दोन इमारतींमध्ये अडचण अंतराची कमी आणि विजेची जास्त असते. दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं असलं की त्यांच्या व्होल्टेजमधला फरक केबलवर येऊ शकतो, विशेषतः शिल्डेड (आत धातूचं आवरण असलेली) केबल दोन्ही टोकांना अर्थ केली असेल तर. जवळपास वीज पडली तर तारेत सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका, येऊ शकतो आणि दोन्हीकडचे पोर्ट जळू शकतात. सर्ज प्रोटेक्टर लावा, पण त्यालाही चांगलं अर्थिंग हवंच.

फायबर म्हणजे प्रकाशातून डेटा नेणारा काचेचा धागा, त्यातून वीज वाहत नाही. फक्त केबलमध्ये धातूचं कवच किंवा तार नसावी. टोकं बसवून आलेली, बाहेर वापरायची सिंगल-मोड (फायबरचा एक प्रकार) केबल घ्या आणि दोन्हीकडे मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि नेहमीची नेटवर्क केबल जोडणारी डबी, लावा. कन्व्हर्टर एकाच धाग्यावर चालणारे असतील तर ए आणि बी अशी जोडीच लागते. दोन्ही ए आणले तर लिंक लागत नाही. दोन धागे असतील आणि कन्व्हर्टरवरचा लिंकचा दिवा पेटत नसेल, तर आधी एका टोकाला धागे अदलाबदल करून बघा. पाइप कनेक्टर सहज जाईल इतका रुंद हवा, कोपरे मोठ्या वळणाचे.

तांब्याची खरी जमेची बाजू पीओई, म्हणजे त्याच केबलमधून वीज देणं: कॅमेरा किंवा ॲक्सेस पॉइंटला (वाय-फाय देणाऱ्या उपकरणाला) वेगळी वीज लागत नाही. पण खोलीत वीज असेलच, तर फायबरच टाका. कॅट-६ घेतलीत तर शुद्ध तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.