दोन पिढ्यांनी मिळून वाचायचं तर: ‘नटसम्राट’, ‘लिअर’ की तुर्गेन्येव्ह?

आईवडील दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात, मुलं पुण्याला, बंगळुरात किंवा कॅनडात. बडोद्यातल्या अनेक मराठी घरांचं आज हेच चित्र आहे. दिवाळीत सगळे जमल्यावर एकत्र काही वाचायचं ठरलं आणि विषय आईबाप-मुलांमधल्या तेढीचा निघाला, की तीन नावं पुढे येतात: शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’, शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ आणि इवान तुर्गेन्येव्हची ‘फादर्स अँड सन्स’.

वडीलधाऱ्यांचा कौल बहुधा ‘नटसम्राट’ला. मोठ्यानं वाचायला १९७० सालच्या या नाटकाच्या तोडीचं मराठीत फार थोडं आहे. गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा स्वगतं वाचताना अडखळेल, पण ऐकताना तोही गुंतेल. माझी हरकत वेगळी आहे. आप्पासाहेब बेलवलकर सगळं मुलांना वाटून देतात आणि पुढे लेकीच्याच घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. हा प्रवेश संपल्यावर शेजारी बसलेल्या मुलानं बोलायचं काय? मुलांचीही काही बाजू नाटकात आहे, पण आप्पांच्या वाणीपुढे ती ऐकूच येत नाही. समोरचा मुलगा नकळत आरोपी होऊन बसतो.

‘लिअर’मध्ये पहिली चूक बापाची. कोण माझ्यावर किती प्रेम करतं ते बोलून दाखवा, त्यावर राज्य वाटतो, ही मागणीच अन्यायाची. खोटं बोलायला नकार देणारी धाकटी कॉर्डिलिया घराबाहेर जाते. मग थोरल्या दोघी त्याचे शंभर स्वार पन्नासांवर, पंचवीसांवर आणि शेवटी शून्यावर आणतात. पण शंभर स्वारांसह पाहुणा आलेला बाप रोज सांभाळायचा म्हणजे काय, हा थोरल्या लेकीचा, गॉनेरिलचा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. इथे वाद दोन्ही बाजूंनी रंगतो. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ मराठीत आहेच. मात्र शेवट इतका क्रूर आहे की सणाच्या दिवसांत तो नको.

(महाभारतातल्या ययातीचीही आठवण कुणीतरी काढतं. मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप. पण ही गोष्ट चहा होईपर्यंत सांगून होते.)

माझं मत तुर्गेन्येव्हला. १८६२ च्या या कादंबरीत खलनायक नाही. अर्कादी बापाच्या हातातलं पुश्किनचं पुस्तक हळूच काढून घेतो आणि तिथे एक जर्मन शास्त्रीय पुस्तक ठेवतो. बाप रागावत नाही. आपण मागे पडलो का, याच विचारात पडतो. अर्कादीचा मित्र बझारॉव्ह तर तीन वर्षांनी आपल्या घरी येतो आणि तीन दिवसांत कंटाळून निघतो. त्याला त्रास होऊ नये म्हणून म्हातारा बाप जपून वावरतो, आई प्रश्न विचारायला भिते. त्यांचं प्रेमच त्याला सोसवत नाही. त्याच्या जाण्यानं ते कोसळतात, तरीही वाचकाला बझारॉव्हचा राग येत नाही. दिवाळी संपवून विमानतळाकडे निघणाऱ्या मुलाला आणि दारात उभ्या आईला, दोघांनाही यात स्वतःला पाहता येईल, आणि कुणाची मान खाली जाणार नाही.

अशी तेढ बडोद्यानं राजघराण्यातही पाहिली आहे. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं लग्न मोडून सयाजीरावांच्या कन्या इंदिराराजेंनी १९१३ मध्ये आईवडिलांच्या मनाविरुद्ध कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केलं. सयाजीराव सुधारक, मुलींना शिकवणारे. तरी लेकीनं स्वतःचा निर्णय घेतल्यावर त्यांनाही जड गेलं. अर्कादीचा बापही असाच, नव्या विचारांचा आणि तरी दुखावलेला.

कादंबरीत अठ्ठावीस प्रकरणं आहेत. एवढा वेळ नसेल तर बझारॉव्हच्या घरभेटीची, विसावं आणि एकविसावं, वाचा. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. मुलानं वाचत जावं आणि आजी-आजोबांसाठी मराठीत सांगत जावं. घरात ज्येष्ठच अधिक असतील आणि मुलं यंदा येणार नसतील, तर ‘नटसम्राट’ जरूर घ्या.