स्वस्त एलईडी दिव्याखाली अकरा महिने : घरच्या रीफ टँकचा अनुभव

रीफ टँक, म्हणजे प्रवाळ ठेवण्याची खाऱ्या पाण्याची टाकी, घरात मांडायची ठरवली आणि खर्चाचा कागद केला, तेव्हा सर्वांत मोठा आकडा दिव्याचा निघाला. नामांकित परदेशी दिव्याची किंमत माझी टाकी, स्टँड, पंप आणि मिठाची पहिली बादली यांच्या एकत्रित खर्चाहून जास्त होती. म्हणून गेल्या सप्टेंबरात मी साडेआठ हजार रुपयांचा चिनी बनावटीचा एलईडी दिवा घेतला. तो काळ्या पत्र्याच्या पेटीत येतो, हौशी मंडळी त्याला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात, आणि डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये तो अकरा महिने रोज चालू आहे.

माझी टाकी अडीच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे साधारण १६० लिटरची आहे. तिच्यात झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर कोरल एवढेच प्रवाळ आहेत, म्हणजे सगळे सॉफ्ट कोरल, कठीण सांगाडा नसलेले मऊ प्रवाळ. आपल्या समुद्रातली कठीण सांगाड्याची प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला पाण्याखाली ती पाहून कितीही मोह झाला आणि दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला, तरी ती घरी आणू नयेत. दिव्याच्या निवडीशीही याचा थेट संबंध आहे. महागडे दिवे मुख्यतः ज्यांच्यासाठी घेतले जातात, त्या फांद्यांच्या कठीण प्रवाळांना दोनशे ते साडेतीनशे पार (PAR) प्रकाश लागतो, तर सॉफ्ट कोरलचे पन्नास ते दीडशेत उत्तम चालते. पार म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप. प्रवाळाच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल याच प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्याला प्रामुख्याने निळा प्रकाश लागतो. मोबाइलवरचे लक्स मोजणारे अ‍ॅप इथे फसवते, कारण लक्स हे माणसाच्या डोळ्याला जाणवणाऱ्या उजेडाचे माप असून निळ्या प्रकाशाला त्यात फारच कमी वजन मिळते.

हे सगळे मला आधी माहीत होते आणि तरीही मी पहिल्याच आठवड्यात चूक केली. दिवा पाण्यापासून फूटभर उंचीवर टांगला, निळ्या आणि पांढऱ्या दोन्ही चॅनेलचे (एलईडींच्या गटांचे) उजेड कमी-जास्त करायचे नॉब सत्तर टक्क्यांवर नेले आणि लखलखणारी टाकी पाहत बसलो. चौथ्या दिवशी पाच रुपयांच्या नाण्याएवढे मशरूम शर्टाच्या बटणाएवढे आक्रसले आणि त्यांच्या कडा फिकट पडल्या. स्वस्त दिवा म्हणजे कमजोर दिवा, हा माझा समज तिथेच संपला. दोन्ही नॉब पंचवीस टक्क्यांवर आणले आणि त्यानंतर फक्त निळा दर आठवड्याला पाच टक्क्यांनी वाढवत नेला. सहापैकी पाच मशरूम दोन महिन्यांत सावरले, एक गेले.

पुढे एका परिचितांकडून पार मीटर दोन दिवसांसाठी मिळाला, तेव्हा या दिव्याचा खरा दोष कळला. एलईडीवर नव्वद अंशांची भिंगे असल्यामुळे प्रकाश मधोमध एकवटतो. निळा साठ टक्के आणि पांढरा वीस टक्के असताना मधल्या दगडाच्या माथ्यावर १९० पार होता, तर वाळूच्या कोपऱ्यात जेमतेम ३५. दिवा आणखी चार इंच वर घेतल्यावर मध्यभागी १४० आणि कोपऱ्यात ४५ मिळाला. प्रकाश थोडा वाया गेला, पण पसरला. मशरूम कोपऱ्यात हलवले, लेदर कोरल मध्यावर ठेवले. कोपऱ्यातच राहिलेले झोअँथिड मात्र अजूनही देठ लांबवून उजेडाकडे झुकलेले दिसतात. तीन फुटांहून लांब टाकीला असा एक दिवा पुरणार नाही.

पेटीवर १६५ वॅट लिहिलेले असले तरी प्लगला लावलेल्या मीटरवर पूर्ण क्षमतेला ११२ वॅटच दिसले. माझ्या नेहमीच्या मांडणीत तो ४८ वॅट घेतो, म्हणजे दिवसाला अर्धा युनिटसुद्धा होत नाही. मे महिन्यात पाणी साडेतीस अंशांवर गेले, पण त्यात दिव्याचा वाटा किरकोळ होता. टाकीवर पंखा लावून ते अठ्ठावीसपर्यंत उतरवले आणि रोज जवळपास तीन लिटर आरओचे पाणी वर भरत राहिलो.

या मॉडेलमध्ये टायमर नाही, पण निळ्या आणि पांढऱ्या चॅनेलला वेगवेगळ्या वायरी आहेत, ही मोठी सोय. निळा सकाळी अकरा ते रात्री नऊ आणि पांढरा दुपारी एक ते सहा असे दोन टायमर लावले. सुरुवातीला घेतलेले दातेरी चकतीचे टायमर वीज गेली की थांबत आणि तेवढेच मागे पडत. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वीज इतक्या वेळा गेली की निळा दिवा रात्री अकरापर्यंत जळत राहिला आणि ते मला आठवडाभर लक्षात आले नाही. आता आत बॅटरी असलेले डिजिटल टायमर आहेत. दिवा मंद होत विझत नाही, खटकन विझतो, आणि क्लाउनफिश दर वेळी दचकतो.

सहाव्या महिन्यात पेटीतला एक पंखा घरघरू लागला. उघडून पाहिले तर पात्यांवर मिठाचा पांढरा थर आणि जोडणीच्या टोकांना हिरवट गंज. त्याच मापाचा बारा व्होल्टचा पंखा लॅमिंग्टन रोडवर दोनशे रुपयांत मिळाला आणि चार स्क्रू काढून अर्ध्या तासात बसला. विक्रेत्याने वॉरंटीच्या प्रश्नाला उत्तर दिले नव्हते, हेही नोंदवतो. तेव्हापासून दर पंधरवड्याला प्लग काढून पेटीचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसतो.

सॉफ्ट कोरलसाठी मी हाच दिवा पुन्हा घेईन, मात्र दोन वेगळ्या वायरी आहेत आणि पंखे स्क्रूने बसवलेले आहेत याची खात्री करूनच, आणि या वेळी एकशे वीस अंशांची भिंगे असलेला. दुसरा पंखाही आता कुरकुरू लागला आहे; त्याच्या जागी बसवायचा नवा पंखा स्टँडच्या कप्प्यात आणून ठेवला आहे.