जेड एम्पायर: काही महिने खेळून झाल्यावर

गेम जुना आहे. २००५ मध्ये एक्सबॉक्सवर आला, पीसीवर यायला २००७ उजाडलं. गेले काही महिने रात्रीची जेवणं उरकली की मी तो थोडा थोडा खेळतोय. एकदा संपवला, आता दुसरी फेरी चालू आहे. चेहरे मेणाचे वाटतात, हे आधीच सांगून टाकतो. तरी काढून टाकवत नाही, ते त्यातल्या जगामुळे.

हे साम्राज्य काल्पनिक आहे, चिनी पुराणकथांवरून रचलेलं. बनवणारी कंपनी बायोवेअर मात्र कॅनडातल्या एडमंटनची, त्यामुळे लाल कंदील आणि कुंग फू यावरच भागवलं असेल अशी धास्ती होती. तसं झालेलं नाही. इथे मोठा दुष्काळ पडतो, सम्राट सुन हाय तो संपवतो आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. पण तेव्हापासून मेलेल्यांना गती मिळेनाशी होते, भुतं वाटा अडवू लागतात. कारण पाऊस आणि मृतांची वाट, दोन्ही एकाच जलदेवतेच्या हाती, आणि ती ड्रॅगन आहे. चीनमध्ये ड्रॅगन पावसाचा धनी. पाऊस लांबला की लोक ड्रॅगन राजांना साकडं घालत. स्वर्गात तर चक्क कचेरी चालते. चुलीजवळचा देव वर्षअखेरीस वर जाऊन घरातल्यांचा अहवाल देतो, म्हणून निघण्याआधी त्याच्या तोंडाला गोड फासतात! त्या कचेरीतलं एक खातं बंद पडलं तर खाली काय होईल, यावरच सगळी कथा उभी आहे.

सगळ्यात रमलो ते दक्षिणेच्या महाअरण्यात. जंगल आजारी पडलंय, कोल्ह्याच्या रूपातली त्याची स्वामिनी खवळली आहे आणि वाटेत यात्रेकरूंसाठी एक खाणावळ आहे. तिच्या तळघरात काय शिजतं ते सांगत नाही.

मारामारी बरी, इतकंच. शैली भरपूर आहेत, पण शत्रूला मंदावणारी एखादी आणि झपाट्याने मारणारी दुसरी हाती लागली की बाकीच्या धूळ खात पडतात. विमानातून गोळीबार करायचे टप्पे मी निमूटपणे उरकतो.

खरी तक्रार ‘उघडा तळवा’ आणि ‘आवळलेली मूठ’ या, खेळणाऱ्याने निवडायच्या दोन नैतिक मार्गांबद्दल. सुरुवातीला सांगतात की मूठ म्हणजे दुष्टपणा नव्हे. दुबळ्याला आयतं काही देऊ नका, त्याला स्वतःच्या पायावर उभं राहू द्या. विचार झकास! पण प्रत्यक्षात मुठीच्या वाटेवर बऱ्याचदा नुसती खंडणी आणि खून. इतकं चांगलं तत्त्वज्ञान हाताशी असून वाया घालवलंय.

राजधानीत एक परदेशी सरदार भेटतो, आवाज ब्रिटिश विनोदी नट जॉन क्लीझचा. इथल्या लोकांना सुधारायला आलोय असं त्याचं म्हणणं. त्याच्याशी भर चौकात वादविवाद करता येतो, नंतर हाणामारीही. साहेबाची अशी जिरवायला मिळते म्हणून मी मुद्दाम सेव्ह ठेवून पुन्हा पुन्हा वाद घातला.

आपल्या पात्राला गुरूने शिकवलेल्या डावपेचात एक खोट असल्याचं लोक अधूनमधून सुचवत राहतात, तिकडे कान असू द्या. कथेतला मोठा धक्का आधी कुठे वाचू नका. आणि बायकोच्या धाकातला हौ सोबत घ्याच: तो लढत नाही, दारूचे बुधले पुरवतो, आणि झिंगलेल्या पैलवानाची शैली त्याच्याशिवाय चालत नाही.