कर्ण, युयुत्सू की ऊर्मिला? पुनर्कथनासाठी पात्र निवडताना

बडोद्यात कुणी महाभारतावर कथा किंवा एकांकिका लिहायला घेतली की पहिलं नाव निघतं कर्णाचं. कारण उघड आहे. अन्याय, मैत्री, दान, मरण, सगळं तयार मिळतं. पण पुनर्कथनाला तयार सामग्रीपेक्षा मोकळी जागा जास्त लागते. मूळ कथाकार जिथे एका ओळीत पुढे निघून जातो, तिथे तुमच्या कथेला पाय ठेवता येतो. म्हणून पात्राची कणव किती येते यावर निवड करू नका, त्याच्याभोवती अशी जागा किती आहे ते आधी मोजा.

कर्णाभोवती ती फार थोडी आहे. आदिपर्वातली रंगभूमी (राजपुत्रांच्या शस्त्रकौशल्याचा आखाडा), सभापर्वातलं द्यूत, वनपर्वातलं कुंडलाहरण, उद्योगपर्वातले कृष्णाशी आणि कुंतीशी झालेले संवाद, द्रोणपर्वातली घटोत्कचाची रात्र, कर्णपर्व, स्त्रीपर्वाच्या शेवटी कुंतीची कबुली आणि शांतिपर्वाच्या सुरुवातीला नारदांनी सांगितलेले शाप: आठ पर्वं वाचल्याशिवाय कर्णाला हात घालता येत नाही. शापांची हकीकत सविस्तर येते ती तो मेल्यावर, हेही ध्यानात ठेवा. निवेदन प्रथमपुरुषी असेल तर हा क्रम तुम्हाला कुठेतरी मोडावाच लागेल.

बहुतेक कर्णकथा फसतात त्या सभापर्वात. द्रौपदीसाठी हीन शब्द वापरणारा आणि तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगणारा कर्णच आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यूला घेरणाऱ्यांतही तो आहे. लेखक हे प्रसंग गाळतात किंवा दुर्योधनाच्या माथी मारतात. मग उरतो तो नुसता सोसणारा माणूस, आणि त्याच्याबद्दल वाचकाला दोन पानांनंतर काही वाटेनासं होतं. दुसरा खड्डा स्वयंवराचा. ‘मी सूताला वरणार नाही’ हे द्रौपदीचं वाक्य भांडारकर संस्थेच्या, 1966 मध्ये पूर्ण झालेल्या चिकित्सक आवृत्तीत (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात) मुख्य संहितेत नाही, ते पाठभेदांत गेलं आहे. वापरायला हरकत नाही, पण कर्णाचा सगळा राग त्या एका वाक्यावर उभा करत असाल तर पाया कशाचा आहे ते माहीत असू द्या.

तरीही कर्णच घ्यायचा असेल तर जन्मापासून सुरुवात करू नका. कृष्ण त्याला त्याचं जन्मरहस्य सांगतो तेव्हा अमावास्या सात दिवसांवर असते आणि युद्ध तेव्हा जुंपावं असं ठरतं. तो आठवडा घ्या. त्यातच गंगेकाठची भेट येते. कर्ण हात वर करून पूर्वेला तोंड करून जप करतो आहे, आणि कुंती त्याच्या मागे, त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत, सुकलेल्या कमळमाळेसारखी उभी आहे. पाठ तापेपर्यंत तो जप करतो, मग वळतो आणि म्हणतो, “मी राधेय, अधिरथाचा मुलगा, आपल्याला वंदन करतो.” ती म्हणते, “तू कौंतेय आहेस, राधेय नाहीस.” मराठीत इथे एक हत्यार आपल्या हातात आहे. आपल्या घरांत आईला ‘तू’ म्हणतात. कर्णाच्या तोंडी प्रसंगभर ‘आपण’ ठेवा आणि एकदाच, एकाच वाक्यात, ‘तू’ येऊ द्या. दोनदा आलं की त्याची धार गेली.

युयुत्सूचं सगळंच उलट. त्याच्याबद्दलचे मूळ उल्लेख एकत्र लिहून काढले तर वहीची दोन-तीन पानं भरतील. धृतराष्ट्राचा मुलगा, पण गांधारीचा नव्हे. गांधारीचा गर्भ लांबला तेव्हा राजाच्या सेवेला असलेल्या वैश्य स्त्रीपासून झालेला. (छापताना ‘वैश्य’चं ‘वेश्या’ होतं, मुद्रितशोधनात हा शब्द दरवेळी हाताने तपासा.) युद्धाच्या पहिल्या सकाळी युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून विचारतो, कुणी आमच्याकडे येतं का? हा एकटा जातो. अठराव्या दिवसानंतर कौरवांच्या स्त्रियांना हस्तिनापुरात परत घेऊन येतो तोही हाच. स्त्रीपर्वात मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था ज्यांच्यावर सोपवली त्यांत त्याचं नाव आहे, आणि महाप्रस्थानाला निघताना युधिष्ठिर राज्याची देखरेख त्याच्याच हाती देतो.

पहिली सकाळ आणि अठरावा दिवस यांच्या मधलं त्याचं मन जवळजवळ कोरं आहे. सतराव्या दिवशी भीम दुःशासनाला मारून त्याचं रक्त पितो आणि संध्याकाळी त्याच छावणीत परततो, जिथे युयुत्सूही आहे. मेलेला त्याचा सावत्र भाऊ आहे. त्या संध्याकाळी तो कुठे बसला, कुणी त्याला जेवायला बोलावलं का, भीमाच्या नजरेला त्याने नजर दिली का, यातलं काहीही लिहायला तुम्ही मोकळे आहात आणि मूळ कथेला धक्का लागत नाही. अशी जागा कर्णाकडे शोधून सापडत नाही.

युयुत्सूचा धोका वेगळा. त्याला आवाज नसल्यामुळे लेखक आपलाच आवाज त्याला देतो आणि तो युद्धावर व्याख्यान देऊ लागतो. धर्माधर्माचं बोलायला विदुर आहे. युयुत्सूच्या हातात काम द्या: जखमींना पाणी, रथांची मोजणी, बायकांच्या पालख्या. दुसरं म्हणजे सामान्य वाचकाला हे नाव लवकर आठवत नाही. तो कोण, हे पहिल्या दीडशे शब्दांत आलं पाहिजे, आणि तेही वंशावळ न सांगता.

दुर्योधनाचा भाऊ विकर्ण, त्याचा विचार कुणी करत असेल तर छोट्या कथेपुरताच करावा. भरसभेत तो द्रौपदीच्या बाजूने बोलतो, कर्ण त्याला गप्प करतो, आणि चौदाव्या दिवशी त्याला मारल्यावर भीम हळहळतो. दीड हजार शब्दांत हे नीट बसतं. ताणलं की पाणी घातल्यासारखं होतं.

रामायणातली ऊर्मिला, म्हणजे लक्ष्मणाची पत्नी, घ्यायची तर बडोद्याच्या लेखकाला एक सोय आहे. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती याच शहरातल्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने 1960 ते 1975 मध्ये सात खंडांत काढली, आणि कुठलं मूळचं, कुठलं नंतरचं हे त्यावरून पडताळता येतं. लक्ष्मणरेषा वाल्मीकींची नाही. ऊर्मिलेची चौदा वर्षांची झोपही त्यांची नाही, ती तेलुगू लोकगीतांतून आली आहे. वाल्मीकी तिचं लग्न लावून देतात आणि मग तिला जवळजवळ विसरतात. म्हणजे जागा भरपूर, पण घटना नाही. चौदा वर्षं विरहाचे उसासे लिहिले की कथा तिसऱ्या पानावर थांबते. तिला घरात इतर माणसांशी भिडवा: पुत्रशोकाने राजा गेल्यानंतरची कौसल्या, सासू सुमित्रा, बहिणी मांडवी आणि श्रुतकीर्ती. घरातलं राजकारण ज्याला लिहिता येतं त्यानेच हे पात्र घ्यावं.

भाषेचा एक मोह तिन्हींत सारखाच आहे. बडोद्याच्या मराठीत गुजराती वळणं सहज येतात. ती दासी-सारथ्यांना द्यायची आणि राजघराण्याला छापील पुणेरी, असं करू नका. सूतपुत्राची कथा सांगताना लेखकच सूताला खालच्या पायरीवर बसवतो. गुजराती कवी प्रेमानंदांनी सतराव्या शतकात याच शहरात आख्यानं रचली तेव्हा पुराणातल्या घरांत सरळ गुजराती घर आणलं, राजालाही आणि दासीलाही. तेवढं धैर्य नसेल तर सगळ्यांना एकच साधी बोली द्या.

पहिल्यांदा लिहिणाऱ्याला आमचा सल्ला युयुत्सूचा. तीन हजार शब्दांची कथा असेल तर प्रत्येकी साधारण सातशे शब्दांचे चार प्रसंग धरा: ओलांडण्याची सकाळ, भीष्म पडतात तो दहावा दिवस, सतरावी संध्याकाळ, हस्तिनापूरचा परतीचा रस्ता. उरलेले शब्द जोडकामाला. एकांकिकेला मात्र कर्ण-कुंती बरी, दोन नटांत आणि एका उत्तरीयात भागते. वहीत तीन रकाने आखा, संहितेतलं, परंपरेतलं आणि माझं, आणि प्रत्येक प्रसंग लिहिण्याआधी त्यातली प्रत्येक गोष्ट कुठल्या रकान्यात जाते ते लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग गाळा.