धुक्याच्या रात्री फोटो: ट्रायपॉड घ्यावा की १.८ ची प्राइम? (निदान ग्वाल्हेरपुरतं)

थंडी पडली की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे, खिशात पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, मग बरा ट्रायपॉड घेऊ की ३५ किंवा ५० मिमीची १.८ वाली प्राइम (झूम न होणारी, जास्त उजेड आत घेणारी लेन्स) घेऊ? साध्या रात्रीसाठी विचारलंत तर मी फार विचार न करता ट्रायपॉड म्हणेन. धुक्याच्या रात्रीचं गणित मात्र जरा वेगळं आहे. माझ्याकडे दोन्ही आहेत आणि दोन्ही घेऊन बाडा (महाराज बाडा, शहरातला मुख्य चौक), सराफा, पडावचा पूल, फूलबाग असं बरंच भटकून झालंय, त्यामुळे जे अनुभवलं तेच सांगतो. मी काही मोजमाप केलेलं नाही आणि तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी थोडा हिशेब, कारण बऱ्याच जणांना वाटतं की ट्रायपॉडशिवाय रात्री फोटो येणारच नाही. समजा दौलतगंजच्या एखाद्या अंधाऱ्या गल्लीत एकच दिवा आहे आणि ट्रायपॉडवर एफ ८, १५ सेकंद, आयएसओ २०० ला एक्स्पोजर बरोबर बसतंय (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं; आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता). तेवढाच उजेड प्राइमवर एफ १.८, आयएसओ ६४०० ला साधारण १/४० सेकंदात मिळतो. म्हणजे हातात धरून आरामात, आणि बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर प्रश्नच नाही. बाड्यावर तर दिवे इतके आहेत की ३२०० सुद्धा पुरतो. तेव्हा फोटो निघतो का हा मुद्दाच नाही, कुठल्या प्रकारचा फोटो हवाय एवढाच मुद्दा आहे.

ट्रायपॉडचं जे चांगलं आहे ते आधी कबूल करू. सावल्या स्वच्छ येतात, ग्रेन (दाणेदारपणा) नाही, बाड्यावरच्या टाउन हॉल आणि पोस्ट ऑफिसच्या दर्शनी भागाचे खांब-कमानी धुक्यातून जेवढ्या दिसतील तेवढ्या सगळ्या बारकाव्यांसकट येतात, मोठी प्रिंट काढून भिंतीवर लावायची असेल तर याला तोड नाही. फोकस पण निवांत करता येतो, स्क्रीनवर दिवा मोठा करून बघायचा, हाताने रिंग फिरवायची, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि स्टॅबिलायझेशन बंद करून बटन दाबायचं. घराच्या गच्चीवरून किल्ल्याच्या दिशेने लांब लेन्सने काही करायचं असेल तर ट्रायपॉड हवाच, तिथे वादच नाही.

आता त्याच्या कटकटी. एक म्हणजे गाड्या. साध्या रात्री गाडी फ्रेममधून गेली तर लाल-पांढरी रेघ येते आणि ती छानच दिसते. धुक्यात तसं होत नाही. हेडलाइट सगळ्या धुक्यात पसरतो, पंधरा सेकंदांत एक ई-रिक्शा जरी समोरून आली तरी अर्धी फ्रेम दुधाळ होऊन जाते आणि परत पहिल्यापासून. नई सडकेवर रात्री अकराला हे करून बघा, चिडचिड होईल. दुसरं, तीन पाय पसरून रस्त्यात उभं राहिलं की कोणीतरी चौकशीला येतंच, मग काय सर्व्हे चाललाय का, परमिशन आहे का, चॅनलवाले का. चालायचंच.

पण माझा निर्णय या दोन्हींमुळे झाला नाही. झाला तो काचेवरच्या पाण्यामुळे.

धुकं म्हणजे हवेत आणखी वाफ मावत नाही अशी अवस्था. त्यात लेन्सची पुढची काच हवेपेक्षा अगदी थोडी जरी गार झाली तरी तिच्यावर ओल धरते, वर तरंगणारे थेंब येऊन बसतात ते वेगळेच. ट्रायपॉडवर कॅमेरा एका जागी, तोंड उघडं, दहा-वीस मिनिटं तसाच उभा असतो. आणि यातली गंमत अशी की तुम्हाला ते कळत नाही. स्क्रीनवर दिव्याभोवतीचं वलय थोडं मोठं दिसतं, तुम्ही खूष होता की वा, धुकं वाढलं, अजून एक फ्रेम घेऊ. पुढच्या फ्रेममध्ये वलय अजून मोठं. प्रत्यक्षात समोरचं धुकं तेवढंच असतं, वाढलेलं असतं ते काचेवरचं, आणि घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघितलं की सगळ्या कडा मऊ, बाड्यावरच्या पुतळ्याचा चौथरा लोण्यासारखा विरघळलेला. मायक्रोफायबरने पुसायचं म्हटलं तर पहिल्यांदा ठीक, दुसऱ्यांदा फडकंच दमट, तिसऱ्यांदा तुम्ही नुसतं पाणी पसरवत असता. आणि ज्या दिशेने पुसलं त्याच्या काटकोनात प्रत्येक दिव्यातून एक तिरीप निघते, ती एडिटिंगमध्ये जाता जात नाही. लेन्स हूड लावला तर फरक पडतो, पण थोडाच.

याला उपाय आहेत. तारे टिपणारे लोक लेन्सभोवती एक हीटरची पट्टी गुंडाळतात, ती पॉवर बँकवर चालते आणि काच हवेपेक्षा किंचित गरम ठेवते, बस्स, एवढंच लागतं, मग दव धरत नाही. हात गरम ठेवायच्या पुड्या मिळतात त्या रबरबँडने लेन्सला बांधल्या तरी काम होतं. मी पट्टी लावून बघितलीय आणि ती चालते हे प्रामाणिकपणे सांगतो. पण मग एक वायर, एक पॉवर बँक, ट्रायपॉडला लटकलेली पिशवी, गारठलेल्या बोटांनी ते लोखंडी स्क्रू आवळणं, हातमोजे काढा, घाला, काढा. धुक्याच्या रात्री बाहेर पडायचं ते हिंडायला, मला तरी एका जागी दुकान मांडून बसावंसं वाटत नाही.

प्राइम हातात असली की हा सगळा त्रास बराचसा आपोआप सुटतो. कॅप लावलेली, फोटो दिसला की कॅप काढली, दोन-तीन क्लिक, कॅप परत. काच उघडी राहते ती काही सेकंद. फक्त दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जॅकेटच्या आत घालू नका, आत अंगाची ऊब आणि दमटपणा दोन्ही असतं आणि गार काच आत गेली की तिथेच धुरकट होते. बाहेर खांद्यावर लटकू दे, नाहीतर गार बॅगेत. आणि चहाच्या वाफेपासून लांब ठेवा, हे सांगायला नको पण सांगतो. यूव्ही फिल्टर असेल तर तोही काढा, त्याच्यामुळे दिव्यांची भुतं उमटतात फ्रेममध्ये.

दुसरा फायदा माणसांचा. पंधरा सेकंदांत माणूस नाहीसा होतो, १/५० ला तो राहतो. अलावभोवती, म्हणजे शेकोटीभोवती, उकिडवे बसलेले रिक्शावाले, शेंगदाण्याचा गाडा ढकलत घरी निघालेला माणूस, पहाटे दुधाच्या कॅन लावलेली मोटरसायकल, तानसेन समारोहातून (इथला शास्त्रीय संगीताचा महोत्सव) रात्री उशिरा हजिऱ्याच्या भागाकडून शाली गुंडाळून परतणारी मंडळी. माझ्या मते धुक्यातलं शहर म्हणजे हेच, नुसत्या इमारती नाहीत. आणि ज्या गाडीने ट्रायपॉडवाल्याची फ्रेम खराब केली तीच गाडी इथे कामाला येते. धुक्याचे थेंब उजेड मागे कमी आणि पुढच्या दिशेने जास्त फेकतात, त्यामुळे दिवा माणसाच्या मागे असेल तर त्याच्याभोवती सगळं उजळतं आणि त्याची सावली धुक्यात तुमच्याकडे पसरत येते. हेडलाइट समोरून येतोय आणि मध्ये एक सायकलवाला आहे, एवढं जुळलं की दाबा. फ्लॅश मात्र विसरा, लेन्सजवळच्या थेंबांवरून त्याचा उजेड परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. एकदा बाड्यावर चहावाला मला म्हणाला, "भैया, दिख तो कुछ रहा नहीं, फोटो किस चीज़ का ले रहे हो?" त्याच्याच ठेल्याचा बल्ब आणि किटलीची वाफ घेत होतो, दाखवल्यावर त्याने व्हॉट्सअॅपवर मागून घेतला.

आता प्राइमच्या बाजूनेही सगळं गोड नाही. ग्रेन येतो, आणि धुक्यात सपाट राखाडी भाग जास्त असल्यामुळे तो दिसतो. मला स्वतःला तो खटकत नाही, धुक्यात मिसळून जातो असं वाटतं, पण ज्यांना खटकतो त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा म्हणजे निदान ते राखाडी पट्टे-पट्टे तुटणार नाहीत. ऑटोफोकस नुसत्या धुक्यावर मागे-पुढे शोधत बसतो, त्याला दिव्याची किंवा माणसाची कड दाखवावी लागते. एफ १.८ ला डेप्थ, म्हणजे फोकसमध्ये राहणारी खोली, कमी, पण धुक्यात मागचं नाहीतरी दिसत नसतंच. आणि नवीन एलईडी दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा आणि शटर मेकॅनिकल असू द्या. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, इलेक्ट्रॉनिक शटरने वेगात काढलं तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. ट्रायपॉडवाल्याला ही चिंता नसते, हे त्याच्या खात्यात जमा करा. एखाद्या गल्लीत जुना सोडियमचा पिवळा दिवा उरला असेल तर तिथे व्हाइट बॅलन्सशी (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून करायच्या सेटिंगशी) झगडू नका, त्या दिव्याचा बहुतेक उजेड पिवळा-नारिंगीच असतो, पांढरा काढायचा कुठून? पिवळाच राहू द्या.

वेळेचं दोघांना सारखंच. हवामान खात्याच्या हिशेबात ५० ते २०० मीटर दिसत असेल तर दाट धुकं आणि ५० च्या आत आलं की अति दाट. फोटोला पहिलं चांगलं. ५० च्या आत गेलं की एक दिवा आणि त्याच्याभोवती कापूस, एवढंच मिळतं, बाकी बाडा गायब. पाऊस पडून गेल्यावर आभाळ निवळलं आणि वारा पडला की त्या रात्री किंवा दुसऱ्या रात्री नक्की बघा. रात्री दहाला बऱ्याचदा नुसता गारठाच असतो, खरं धुकं मध्यरात्र उलटल्यावर जमतं आणि पहाटे सगळ्यात दाट असतं. पहाटे चार-पाचला ट्रायपॉड खांद्यावर टाकून बाहेर पडायचं की एक छोटी लेन्स लावून, याचं उत्तर ज्याचं त्याने द्यावं. आमच्या आईच्या मते दोन्ही वेडेपणा आहेत आणि मफलर घेतल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

तर तुम्ही मुख्यतः इमारती काढत असाल, प्रिंट विकायच्या असतील, घराच्या गच्चीवरून काम होणार असेल आणि हीटरच्या पट्टीचा खटाटोप चालणार असेल, तर ट्रायपॉड घ्या, पैसे वाया जाणार नाहीत, पावसाळ्यात-दिवाळीत पण कामाला येईल. बाकीच्यांनी, म्हणजे शहरात हिंडून जे दिसेल ते टिपणाऱ्यांनी, मला वाटतं आधी प्राइम घ्यावी. ५० क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर) जरा लांबची होते आणि सराफ्यासारख्या अरुंद बाजारात मागे सरकायला जागा नसते, त्यामुळे क्रॉपवाल्यांनी ३५ बघावी, फुल फ्रेमवाल्यांनी कुठलीही. ट्रायपॉड तोवर कोणाचा तरी उसना मिळतो, माझा तर गेली थंडी भाच्याकडेच होता.

आणि काहीही घ्या, परत आल्यावर हीटर लावलेल्या खोलीत कॅमेरा लगेच उघडू नका. घरातून बाहेर जाताना गरम काचेवर दव धरत नाही, धरतं ते गार कॅमेरा उबदार खोलीत आणल्यावर, आणि ते कधीकधी आतपर्यंत जातं. दाराबाहेरच कार्ड काढून घ्या, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि तास-दीड तास तसाच ठेवा. फोटो बघायची घाई असते हे माहितीये, म्हणूनच कार्ड आधी काढायला सांगतोय.